जोडीदाराचा अंगठा

आमच्या ऑफिसातली पोरं डबा उघडण्याआधी बाटलीत पावडर हलवत बसतात. परवा एकानं विचारलं, "सर, तुमच्या वेळी काय खाऊन बॉडी करायचे?" मी म्हटलं, "बोलणी खाऊन." पोरं हसली. खरं सांगायची मला लाज वाटली.

शनिवार पेठेतल्या तालमीत वस्तादांनी मला पहिले सहा महिने एकही डाव शिकवला नाही. पहाटे यायचं, फावड्यानं हौद्यातली लाल माती खणून मऊ करायची, मग जोर, बैठका आणि पडणं. नुसतं पडणं! "आधी नीट पडायला शिका, पाडणारे पुष्कळ भेटतील," म्हणायचे. तेव्हा असा संताप यायचा! आता त्या ताक-तेल मुरलेल्या मातीचा वास आठवला तरी जीव कासावीस होतो. व्यायाम झाला की जोडीदारानं जोडीदाराची मालिश करायची, ही तिथली रीत. माझा जोडीदार पाच वर्षं एकच. अंगानं बारीक, पण ढाक हा डाव असा मारायचा की आपण आडवे कधी झालो ते कळायचंच नाही.

मी नुकताच कॉम्प्युटरच्या नोकरीला लागलो होतो आणि मला सगळंच लवकर हवं होतं. आमच्या वजनात तालमीतून शहराच्या संघासाठी एकच जण जाणार होता. कर्वेनगरला तेव्हा आरशांची, एसीची नवी जिम निघाली होती. तिथल्या ट्रेनरनं स्टिरॉइडचं इंजेक्शन सुचवलं आणि मी दोन महिने कुल्ल्यावर टोचून घेतलं. छाती भरली. वस्ताद म्हणाले, "काय पैलवान, गवळी बदललात वाटतं?" मी निर्लज्जासारखा हसलो.

मालिशीचं मात्र माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. एका सकाळी जोडीदाराचा अंगठा कुल्ल्यावरच्या गाठीवर थांबला. "हे काय रे?"

"गळू झालंय."

त्याची आई नर्स होती. सुईची गाठ त्याला कळली नसेल, असं कसं म्हणू? त्यानं हातावर आणखी तेल घेतलं आणि पोटऱ्या रगडायला लागला.

निवडीला आम्हीच समोरासमोर आलो. पुढच्या महिन्यापासून तो वडिलांच्या दुकानात बसणार होता, म्हणजे त्याची ही शेवटचीच संधी. त्यानं ढाक लावला, मी हललोच नाही. मग मी त्याला नुसता ओढला, दाबला आणि चितपट केला. वस्ताद एवढंच म्हणाले, "जिंकलास. मी शिकवलेलं त्यात कुठं दिसलं नाही." जोडीदारानं तेव्हा एक शब्द उच्चारला असता, तर संघात तो गेला असता.

कुस्ती झाल्यावर रीतीप्रमाणे त्यानं हातावर तेल घेतलं. पाठ रगडली, मांड्या रगडल्या. मी डोळे मिटून वाट बघत होतो, आता हा त्या गाठीवर अंगठा रोवणार. रोव की लेका, एकदाचा रोव!

त्यानं त्या जागेला हलकेच वळसा घातला. मला दुखू नये म्हणून.