वाचून न दाखवलेला कागद

नंदाआत्या गेली तो शनिवार होता. पप्पा आरशासमोर दाढी करत होते, हाताला साबण लागलेला, म्हणून मामांचा फोन त्यांनी स्पीकरवर घेतला आणि बातमी घरात सगळ्यांना एकदमच कळली. मामा म्हणजे आत्याचे यजमान. ते नेहमीसारखेच सावकाश बोलत होते. सकाळची शाळा होती, परिपाठाला ती पोरांच्या रांगेपुढं उभी होती, मग खाली बसली... "बसली ती उठलीच न्हाई, भाऊ." पप्पांनी अर्धी दाढी तशीच टॉवेलने पुसली आणि गाडीची किल्ली शोधायला लागले, जी त्यांच्यासमोरच होती. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. मला रडू आलं नाही. मला सगळ्यात आधी एक कागद आठवला.

याला आता दीड महिना झाला. पुण्यानुमोदनाच्या दिवशी तिला आदरांजली वाहायला तिच्या शाळेतले शिक्षक बोलले, जुने विद्यार्थी बोलले. मलाही माईक दिला, मी मान हलवून तो पुढे दिला. मला चार माणसांसमोर बोलता येत नाही हे घरात सगळ्यांना माहीत आहे, त्यामुळे कोणी आग्रह केला नाही. पण त्या दिवसापासून मला एका जागी बसवत नाही. जेवताना उठते, वाचताना उठते, गच्चीवर जाते आणि कशासाठी आले ते न आठवून खाली येते.

मी इंग्रजी शाळेत गेले ती आत्यामुळे. आमचं मूळ घर पेडगावचं. आजोबांना एकदा मोठ्या दवाखान्यात नेलं होतं, तेव्हा ऑपरेशनच्या आधी पाच-सहा इंग्रजी कागदांवर आत्यानेच सह्या केल्या, नर्सने बोट ठेवलं तिथं तिथं. डी.एड. झालेली, नोकरीला लागलेली बाई, पण यात काय लिहिलंय हे विचारायची तिला लाज वाटली. आजोबा बरे होऊन घरी आले, तिची ती लाज मात्र गेली नाही. मी तीन वर्षांची झाले तेव्हा ती सासरहून, झरीहून, परभणीला आमच्याकडे आली आणि पप्पांना म्हणाली की घरात एकीला तरी असले कागद वाचता आले पाहिजेत. पप्पा क्लार्क, त्यांनी फीचा विषय काढला. तिने तो विषय तिथल्या तिथे मिटवला. पुढे दर सुट्टीत ती मला पेपरातलं इंग्रजी वाचायला बसवायची, अर्थ सांगायला लावायची, शेजारच्या बायकांना हाक मारून ऐकवायची. मी टेबलाखाली शिरायचे. ती वाकून म्हणायची, "तिथूनच वाच की. आवाज आला म्हंजे झालं."

पाचवीपासून घरातले सगळे फॉर्म मी भरायला लागले. बँकेचे, रेल्वेचे, पल्लवीताईच्या कॉलेजचे. पल्लवीताई आत्याची एकुलती एक मुलगी. कागद घेऊन मी कोपऱ्यात बसायचे आणि शक्यतो कोणाला काही विचारायचेच नाही. सगळ्यांच्या जन्मतारखा, रक्तगट, आधारचे आकडे मला पाठ. राहिलेल्या रकान्यांत काय लिहायचं तेही ठरलेलं असायचं. आजाराचा रकाना आला की 'नाही'. आमच्या घरात तिथे दुसरं काही कधी लिहिलंच गेलं नव्हतं. मला वाटायचं, मी किती झटपट काम करते.

यंदाच्या मे महिन्यात पल्लवीताई पुण्याहून आली होती, तिच्या सहा वर्षांच्या ओवीला घेऊन. वसमत रोडला कापसाच्या जिनिंगच्या एका बंद शेडमध्ये सुट्टीपुरते हवेने फुगवलेले अडथळे मांडले होते. खांब, बोगदे, दोरी धरून चढायची भिंत आणि शेवटी मोठी घसरगुंडी. ओवीने हट्ट धरला आणि आम्ही सगळे निघालो. आत्याने पल्लवीताईचा पंजाबी ड्रेस घातला होता. तिला साडीशिवाय मी पहिल्यांदाच पाहत होते. मामांनी तिला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि साहेबीणबाई कोणत्या शाळेच्या तपासणीला निघाल्या, असं विचारलं. आत्या म्हणाली, "तुमी आपली माझी पर्स धरून बसा. तेवढंच जमतंय तुमाला."

काउंटरवरच्या मुलीने एक इंग्रजी कागद पुढे सरकवला. एका कुटुंबाला एक कागद, सगळ्यांची नावं, खाली प्रश्न. आपल्यापैकी कोणाला हृदयाचा, रक्तदाबाचा, श्वासाचा त्रास आहे का. मागे मोठी रांग होती. मी वळून पाहिलं. आत्या खाली बसून ओवीला ते रबरी ठिपक्यांचे मोजे चढवत होती आणि आजूबाजूच्या अनोळखी पोरांनाही मोजे उलटे घातल्याचं सांगत होती. एवढ्या लोकांत मोठ्याने तिच्या तब्येतीबद्दल विचारायचं... मला ते जमलं नाही. मी सगळ्यांच्या नावापुढे 'नो'वर खूण केली आणि सही केली. अर्धं मिनिटही लागलं नसेल.

आत आत्या जी सुटली ती सुटलीच. बोगद्यात ओवीच्या मागे शिरली आणि तिच्याआधी बाहेर आली. घसरगुंडीपाशी पोरांची गर्दी झाली तर तिथेही तिने रांग लावली, "एकामागं एक, ढकलाढकली न्हाई करायची," आणि परक्यांची पोरं मुकाट्याने रांगेत उभी राहिली. पप्पा पोट धरून हसत होते. लहानपणी ही अशीच होती, झाडावरून उतरायची नाही, असं मला सांगत होते. मग लाइट गेली. हवा भरणाऱ्या पंख्यांची घरघर थांबली आणि सगळे खांब, भिंती हळूहळू मान टाकायला लागले. जनरेटर सुरू होईपर्यंत जिथे आहात तिथेच बसा, असं तिथला माणूस ओरडून सांगत होता. मी भिंतीच्या पायथ्याशी होते, आत्या माझ्या शेजारी येऊन टेकली. खालची गादी आमच्या वजनाने खाली खाली चालली होती. तिच्या ओठांभोवती घाम होता आणि ती तोंडाने श्वास घेत होती.

"त्रास होतोय का?" मी विचारलं. तेही हळूच.

"दम लागलाय नुसता." थोडं थांबून ती म्हणाली, "त्या कागदावर काय काय इचारलं होतं गं?"

"असंच. आजार-बिजार. मी सगळ्यांचं नाही लिहिलं."

तिने माझ्याकडे पाहिलं. मग हसली. "बरं केलंस. न्हाईतर मला बाकड्यावर बसवलं असतं त्यांनी."

तेवढ्यात जनरेटर सुरू झाला, गादी आमच्याखाली फुगून वर आली, आणि ती उठून ओवीबरोबर आणखी दोनदा घसरगुंडीवरून आली. मी पाहत राहिले. मी कोणालाही काही सांगितलं नाही.

ती गेल्यावर शाळेतल्या तिच्या कपाटात, खडूच्या खोक्यात, गोळ्यांची अर्धी पट्टी आणि फेब्रुवारीतली डॉक्टरांची चिठ्ठी सापडली. हृदयाच्याच गोळ्या. घरी कोणालाच माहीत नव्हतं. पल्लवीताई एकेकाला धरून विचारत होती, तुला काही बोलली होती का, तुला कधी काही दिसलं होतं का. मलाही विचारलं. मी "नाही" म्हणाले.

एका दुपारी मी स्कूटी घेऊन त्या शेडवर गेले. मला तो कागद हवा होता. मिळाला असता तर काय केलं असतं, कोणास ठाऊक. शेडला कुलूप होतं. बाहेर बसलेल्या वॉचमनने सांगितलं की ते लोक सगळं गुंडाळून कधीच दुसऱ्या गावी गेले. मी तरीही पत्र्याच्या फटीतून आत पाहिलं. रिकामी फरशी होती आणि भिंतीशी कापसाचा जुना मळका चुरा.

गेल्या आठवड्यात मामांनी झरीला बोलावून घेतलं. कुटुंब निवृत्तीवेतनाचे कागद भरायचे होते. आत्या ज्या खोलीत वह्या तपासायची तिथेच आम्ही बसलो. मामांनी कागद माझ्यापुढे ठेवले, मी पेन उघडलं, आणि मला पहिल्याच रकान्यात नाव लिहिता येईना. मग मी त्यांना सगळं सांगितलं. फॉर्मचं, लाइट गेल्यावरचं, पल्लवीताईला म्हटलेलं 'नाही'. सांगताना त्यांच्याकडे पाहिलं नाही.

मामांनी माझ्यापुढचे कागद एकावर एक नीट लावले. मग म्हणाले, "तू इचारलं असतंस तरी तिनं न्हाईच सांगितलं असतं. तीस वर्षं संसार केला, मला कुठं सांगितलं?"

मला वाटलं, संपलं. त्यांनी मला सोडवलं. पण ते पुढे म्हणाले, "तरी इचारायचं होतंस, बाई. तिनं तुला त्यासाठीच शिकवलं होतं."

आवाजात राग नव्हता. पल्लवीला तूच सांग, मी सांगणार नाही, असंही म्हणाले. मी तिथूनच फोन केला. पल्लवीताईने सगळं ऐकून घेतलं आणि फोन ठेवला. अजून ती माझ्याशी नीट बोलत नाही. हा लेख छापायला देण्याआधी तिला पाठवला, तर दोन दिवसांनी एवढंच उत्तर आलं, 'छापू दे.'

फोन झाल्यावर मी पुन्हा कागदापाशी बसले. यातली बहुतेक उत्तरं मला येत होती. पण मामा म्हणाले, "वाच. मोठ्यानं." फॉर्म मराठीत होता, मामांना वाचता येत होता, तरी मी वाचला. अर्जदाराचं नाव. मृत कर्मचाऱ्याशी नातं. मृत कर्मचाऱ्याचं संपूर्ण नाव... तिथे त्यांनी आत्याचं नाव शाळेच्या हजेरीत असतं तसं सावकाश, वडिलांच्या नावासकट सांगितलं, मग स्वतःच थांबून म्हणाले, न्हाई, लग्नानंतरचं लिही. मी लिहिलं. माझा आवाज मध्येच जात होता. मामा 'ऐकू न्हाई आलं' म्हणायचे आणि मी तोच रकाना पुन्हा वाचायचे.

मग मी 'मृत्यूचे कारण' असं वाचलं. डॉक्टरांचा दाखला समोरच होता, कारण त्यावर लिहिलेलं होतं, मला ते उतरवायला किती वेळ लागला असता. मी पेन खाली ठेवलं. मामा उठले, बाहेर जाऊन पाणी प्यायले, दारात थोडे थांबले, परत येऊन बसले. मी परत एकदा वाचलं. त्यांनी उत्तर दिलं तेव्हाच मी लिहिलं.

"हं," ते म्हणाले, "पुढचा वाच."