समभुज त्रिकोणातली खुर्ची

आता हे सांगायला घेतो खरा, पण माझ्या आठवणीवर माझा स्वतःचाच फारसा भरवसा नाही. साल नेमकं कोणतं, ते विचारू नका. विद्यापीठाचं नामांतर अजून व्हायचं होतं एवढं नक्की. कारण ज्या दुकानात मी महिनोन्‌महिने टेप बघत उभा राहायचो, तिथं गिऱ्हाइकांचा त्यावरच वाद चाललेला असायचा. पाहुण्या बाईंची साडी पोपटी होती असं मला वाटतं. शेजारच्या जिजाकाकू म्हणायच्या, जांभळी. मी वाद घालत नाही. मी त्या दिवशी साडीकडे बघतच नव्हतो, आणि घोटाळा तिथंच तर झाला!

तर मी परभणीला कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवायचो. ध्वनी हा माझा खास विषय. पीएच.डी.सुद्धा त्यातलीच. हे आत्ताच सांगून ठेवतो, पुढं सांगायला तोंड राहणार नाही.

बायको जाऊन दोन-तीन वर्षं झाली होती. मुलगी लग्न होऊन पुण्याला. भाड्याच्या दोन खोल्या. कॉलेजातून आलो की कुलपाचा आवाज, मग स्टोव्हचा आवाज, आणि मग काहीच नाही. ध्वनीच्या प्राध्यापकाच्या घरात ध्वनी नाही! खोटं वाटेल, पण फोडणीत मोहरी तडतडली की बरं वाटायचं. कुणीतरी बोललं म्हणून.

शेवटी ठरवलं, घरात गाणं आणायचं. तेही साधंसुधं नाही, स्टीरिओ.

पण ठरवणं निराळं आणि घेणं निराळं. टू-इन-वन घ्यावा, तर तो खोकल्यासारखा वाजतो. रेकॉर्ड प्लेअर घ्यावा, तर रेकॉर्डी परभणीत मिळणार कुठं? नांदेडला एका दुकानात काचेच्या कपाटात तयार सेट होता. किंमत विचारली, आभार मानले, आणि मिळेल त्या गाडीनं परत आलो. मग राहिला एकच मार्ग. डेक नवा घ्यायचा, अ‍ॅम्प्लिफायर जुना, आणि स्पीकरच्या पेट्या सुताराकडून करून घ्यायच्या. हे सगळं मिळायचं रशीदभाईंच्या दुकानात. मी रोज जायचो, डेककडे बघायचो, घरी यायचो.

एक दिवस रशीदभाईंनी हातच जोडले.

"सर, तुमी घ्या न्हाईतर नका घिऊ, पण रोज येऊन त्याच्याकडं असं बघू नका. गिऱ्हाईक म्हणायलंय, एवढा शिकलेला माणूस भ्यायलाय म्हंजी मालात कायतरी खोट असणार."

"तसं नाही हो. पण निवड चुकली तर?"

"सर, टेप घ्यायलाव का जावई करायलाव?"

सगळं दुकान हसलं. त्या हसण्याच्या भरात मी डेक घेतला. जुना अ‍ॅम्प्लिफायरही घेतला. रशीदभाई म्हणाले, "मंडपवाल्याचा व्हता. दणकट हाय. मागं दोन पेट्या जोडायची सोय हाय."

दोन पेट्या! म्हणजे स्टीरिओच की! मी तसं धरून चाललो. विचारायचं होतं हो, अगदी जिभेवर आलं होतं. पण ध्वनीत पीएच.डी. केलेल्या माणसानं "हा स्टीरिओ आहे ना?" असं चारचौघांत कसं विचारायचं? तुम्ही विचारलं असतं? बरं, तुम्ही विचारलं असतं. मी नाही विचारलं.

आता स्टीरिओचं शास्त्र थोडक्यात सांगतो, चहा निवू देऊ नका. दोन पेट्या आणि ऐकणारा यांचा समभुज त्रिकोण व्हावा लागतो. ऐकणारा बरोब्बर टोकाला. म्हणजे खोलीत खरी जागा एकच. सुताराकडून पेट्या आल्या तसं मी मोजपट्टी लावून मोजमाप घेतलं, फरशीवर खडूनं त्रिकोण आखला, आणि खुर्चीच्या चारी पायांभोवती गोल काढले.

जिजाकाकू खिडकीतून बघत होत्या. त्यांचे यजमान अप्पा, मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, त्यांचं आडतीचं दुकान. दोघंही माझ्यावर जीव टाकायचे, आणि बायको गेल्यापासून काकूंची एक वाटी भाजी रोज माझ्याकडे यायची.

"सर, हे कसलं रिंगण आखायलाव? कुणाची बाधा झाली का काय?"

मी त्रिकोण समजावून सांगितला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "घरात आवाज पायजे म्हून एवढा खटाटोप? आवाज मानसाचा पायजे, सर."

"माणसाला कमी-जास्त करायचं बटण नसतं, काकू!"

हा विनोद होता. काकू हसल्या नाहीत.

"आयतवारी मशीनची पूजा करू," त्या म्हणाल्या. "सोनपेठहून माझी मामेबहीण इमल येणार हाय. तितल्या शाळेत बाई हाय. तिचंबी माणूस गेलंय. एकलीच ऱ्हाती. गाण्याचा लय नाद हाय तिला."

आलं ना तुमच्या लक्षात? ताबडतोब आलं! माझ्या नाही आलं. मला आनंद एवढाच, की चला, एक जाणकार श्रोता मिळाला.

रविवारी काकूंनी डेकला हळदकुंकू लावलं. नारळ मी हट्टानं उंबऱ्याबाहेर फोडायला लावला, पाणी अ‍ॅम्प्लिफायरमध्ये जाईल म्हणून. गल्लीतल्या चार बायका सतरंजीवर बसल्या होत्या, अप्पा भिंतीला टेकून. काकूंनी पेढे वाटले. आणि माझ्या खुर्चीला अगदी लगटून स्वतःच्या घरातली दुसरी खुर्ची आणून ठेवली. थेट खडूच्या रेघेवर!

"काकू, ही इथं नको."

"आसू द्या की. इमल बसंल, तुमच्या शेजारी."

"शेजारी नाही चालत. आवाज परावर्तित होतो."

"काय व्हतो?" अप्पांनी विचारलं.

मी खुर्ची उचलून ओसरीत ठेवली. कॅसेट आणायला आतल्या खोलीत गेलो, परत येतो तर खुर्ची पुन्हा रेघेवर! पुन्हा उचलली. काकू माझ्याकडे डोळे वटारून बघत होत्या. मला वाटलं, त्यांनाही कुतूहल आहे. डेकचं झाकण लावून वळतो तर काय, खुर्ची परत तिथंच, आणि या वेळी तिच्यावर काकूंची इमल, म्हणजे विमलबाई, बसलेल्या!

"बाई," मी अत्यंत नम्रपणे म्हणालो, "जरा उठता का?"

खोलीत टाचणी पडली असती तरी ऐकू आली असती. पार्श्वभूमीचा गोंगाट अजिबात नाही, ऐकायला उत्तम वातावरण, असंच माझ्या मनात आलं. देवाशपथ!

विमलबाई उठल्या. मी खुर्ची ओसरीत नेली, आणि या वेळी दारही लावून घेतलं. त्या सतरंजीच्या कडेला बायकांमध्ये जाऊन बसल्या. मग मी माझ्या खुर्चीत बसलो, एकटाच, सगळ्यांच्या मधोमध. सनईची कॅसेट सुरू केली आणि डोळे मिटले.

"ऐका! डावीकडून सनई. उजवीकडून तबला. स्वच्छ वेगळे!"

सगळ्यांनी माना हलवल्या. पेढा खाल्ला की माना हलवाव्या लागतात. विमलबाई तेवढ्या सरळ बोलल्या.

"मला तर दोन्हीकडून सारखंच ऐकू यायलंय."

"कारण तुम्ही त्रिकोणाच्या बाहेर बसला आहात!"

त्यांनी फरशीवरच्या खडूच्या रेघांकडे पाहिलं. माझ्या खुर्चीभोवतीचे गोल पाहिले.

"हो," त्या म्हणाल्या. "ते दिसायलंय."

कॅसेटची एक बाजू संपली तशी मंडळी उठली. दुसरी बाजू जास्त चांगली होती, पण थांबलं कुणी नाही. खोबऱ्याचा तुकडा चघळत ती मी एकट्यानं ऐकली.

सकाळी काकू नुसती वाटी आदळायला आल्या. वाटीत भाजी नव्हती. आदल्या दिवशीची त्यांची रिकामी वाटी त्या न्यायला आल्या होत्या आणि तीच आपटत होत्या.

"सर, तुमाला देवानं अक्कल वाटली व्हती तवा तुमी झोपला व्हता का?"

"काय झालं काकू?"

"काय झालं! बाई दाखवायला आणली व्हती तुमाला! आन तुमी तिच्या बुडाखालची खुर्ची काढून घेतली!"

मी तिथंच, ओसरीतल्या त्या खुर्चीवर बसलो.

"मग... काही म्हणाल्या का त्या?"

"म्हणली, मानूस वाईट न्हाई, जिजी. पर त्येच्या घरात दुसऱ्याची जागाच आखलेली न्हाई."

"अहो, पण ते शास्त्र आहे! स्टीरिओला तसंच लागतं! तुम्ही त्यांना समजावून सांगा ना..."

"कुणाला सांगू? ती गेली सकाळच्या सोनपेठ गाडीनं."

मीच जावं सोनपेठला, असं दोन-तीनदा मनात आलं. स्टँडपर्यंत गेलोही. पण जाऊन काय बोलायचं? समभुज त्रिकोणापासून सुरुवात करावी, की शेवटी तिथं यावं? विचार करेपर्यंत गाडी सुटायची. पुढं काकूंनी भाजीची वाटी पुन्हा सुरू केली, पण विषय काही काढला नाही.

माझी मात्र एक समजूत होती. चूक माझी थोडी, शास्त्राची जास्त. खुर्ची हलली असती तर सनई आणि तबला वेगळे राहिले नसते, त्याला मी काय करणार? या समजुतीवर मी बरीच वर्षं संध्याकाळी त्या एका खुर्चीत बसून डावीकडून सनई ऐकली, उजवीकडून तबला ऐकला. अगदी स्वच्छ.

मग निवृत्त झालो. मुलीकडे जायचं म्हणून सामान आवरताना अ‍ॅम्प्लिफायर घरघर करायला लागला. म्हटलं, आता तरी उघडून बघावा. पेचकस घेतला, पत्रा काढला, तारांचा माग काढत गेलो. आतून बाहेर येणारी वाट एकच होती. दोन्ही पेट्यांच्या तारा एकाच टोकाला डाग देऊन जोडलेल्या. स्टीरिओ तो कधी नव्हताच. मंडपातला भोंग्याचा अ‍ॅम्प्लिफायर, दोन पेट्यांतून एकच आवाज. डावीकडे जे, तेच उजवीकडे.

विमलबाईंनी बरोबर ऐकलं होतं. त्या खोलीत खुर्ची कुठंही ठेवली असती, दोन ठेवल्या असत्या तरी, ऐकू तेच आलं असतं.