रहाडीच्या काठावरच्या मावशी

"हा कर!"

रंगपंचमीला आमच्या चौकातल्या रहाडीत उडी मारायची, तर आधी मावशींच्या नाकाखाली तोंड उघडावं लागायचं. रहाड म्हणजे रंगाचा हौदच हो, डोक्याच्याही वर पाणी जाईल इतका खोल, वर्षभर मातीखाली बुजवलेला. फुलं उकळून केलेल्या केशरी पाण्यानं तो भरला की सारं जुनं नाशिक धप्पा मारायला धावायचं. धप्पा म्हणजे अशी उडी, की काठावरचे सगळे भिजलेच पाहिजेत! पण प्यायलेला पोरगा त्यात गेला तर संपलाच.

मावशी दवाखान्यात आया होत्या. स्वतःला मूलबाळ नाही, आणि चौकातल्या झाडून सगळ्या पोरांवर हक्क! "दारू? मुडद्या, आधी मिसरूड तर फुटू दे!" म्हणत धपाटा घालायच्या. एकदा तर माझ्या थोरल्या भावाला, लग्न ठरलेल्या घोड्याला, कान धरून रांगेबाहेर काढला. होणारे सासरे समोर उभे! आम्ही हसून हसून लोळलो. भांग, गांजा, हातभट्टी, त्या नाकातून काही म्हणून सुटायचं नाही.

ऐंशी सालानंतर मात्र गर्द आलं, ती ब्राउन शुगरची पूड. त्याचा तोंडाला तसा वास येत नाही, हे आम्हाला काय ठाऊक! चौकात एक एकोणीस वर्षांचा पोरगा होता. ढोल वाजवावा तर त्यानंच. एका वर्षी भरदुपारी पेंगायला लागला. त्या रंगपंचमीला तो पुढे आला, मावशींनी हुंगलं आणि म्हणाल्या, "जा रे माझ्या वाघा!"

धप्पा असा दणदणीत, की आम्ही नाचलोच! पाणी शांत झालं. तो वर येईना.

कोणी ओरडायच्या आत मावशी नऊवारीसकट आत! गोदावरीच्या पुरात पोहलेली बाई ती. आणि मग केशरी पाण्यातून आधी मावशींचं डोकं वर आलं, मागोमाग त्यांच्या मुठीतले त्याचे केस! काय बेंबीच्या देठापासून ओरडलो म्हणून सांगू!

डॉक्टरांनी त्याचे डोळे बघून गर्दाचं नाव घेतलं, तसे घरच्यांनी हात झटकले. मावशींनी त्याला आपल्या खोलीत ठेवलं. तो भिंतीवर डोकं आपटायचा, त्यांना शिव्या द्यायचा.

"दे, दे. मला याहून घाण येतात," म्हणत त्या पेज भरवायच्या.

दोनदा पळाला, दोनदा शोधून आणला. तिसऱ्यांदा पळाला, तो मात्र आपल्या पायांनी परत आला. त्या दिवशी मावशींनी चौकभर पेढे वाटले. "आपणहून आला हो, आपणहून!" भेटेल त्याला सांगत सुटल्या होत्या. मलासुद्धा रडू आलं.

पुढे तो सातपूरला कारखान्यात चिकटला. व्यसन सुटलं ते सुटलंच.

मावशी गेल्या तेव्हा तो कामावर होता. मडकं कोणी धरायचं, यावर पुतण्यांची कुजबुज चालली होती. एवढ्यात सायकल टाकून, तेलकट कपड्यांनिशीच तो माणसांत घुसला.

"तू कोण यांचा?" भटजींनी विचारलं.

"मला पाण्यातनं वर यांनीच काढलंय," तो म्हणाला आणि मडकं उचलून पुढे झाला.