आठ वाजताचं 'ठीक'

मी पलटणीत सिग्नलचा हवालदार होतो. गाव येडशी. उत्तर सीमेवरच्या बर्फातल्या आमच्या चौकीत माझ्या जिल्ह्यातला एकच जवान होता, तेरचा नाईक बालाजी. अखंड बडबड्या. "येडशीला रेल्वे थांबते, एवढंच तुमचं कौतुक," असं मला रोज ऐकवायचा. गस्तीवर मात्र वायरलेस सेटवर बोलायची बंदी होती. दर अर्ध्या तासाला नुसतं बटण दाबायचं. दोनदा खट म्हणजे ठीक, तीनदा म्हणजे मदत पाठवा. बालाजीला ही मोठीच शिक्षा वाटायची.

त्या सकाळी सात वाजता तो दोघांना घेऊन निघाला. साडेसातला दोनदा खट. आठला दोनदा खट. मी लॉगबुकात 'ठीक' लिहिलं आणि चहा घेतला. साडेआठला काहीच आलं नाही. कंपनी कमांडरना कळवलं.

"शोध पार्टी. आत्ता."

पार्टी पोचली तेव्हा दोघे हातांनी बर्फ उकरत होते. बालाजी खाली होता, सेट त्याच्याच छातीशी. दहाच्या सुमारास त्याला बाहेर काढलं. तो गेला होता.

परत आल्यावर त्या दोघांतला लान्स नाईक मला म्हणाला, "आठला दहा कमी होते, हवालदार साहेब. बालाजीनं घड्याळ बघितलं आणि वरून बर्फ आलं."

मी लॉगबुक उघडलं. आठ वाजता, ठीक. अक्षर माझंच.

डॉक्टर म्हणाले, "लगेच गेला असेल." ते वाक्य मी घट्ट धरून ठेवलं. आमच्याकडे मानतात, माणूस जाताना आपल्या माणसाचा निरोप घेतो. कुणाच्या दाराची कडी वाजते, कुणाला हाक ऐकू येते. ते दोन खट म्हणजे गेल्यावर बालाजीने घेतलेला निरोप, असं मी मनाशी ठरवून टाकलं.

पार्थिवासोबत तेरला मलाच पाठवलं. सलामी झाली, अग्नी दिला. दुसऱ्या दिवशी त्याची आई माझ्याजवळ येऊन बसली.

"समदे इचारत्यात, जाताना आईला भेटून गेला का. काय सांगू? कडी न्हाय वाजली, सपान न्हाय पडलं. आईला इसरला व्हय रं त्यो?"

मला राहवलं नाही. "मावशी, निरोप आला होता. माझ्याकडं आला." मी सगळं सांगितलं. त्या हात जोडतील असं वाटलं होतं.

"मदतीला किती येळा दाबायचं असतंय?"

"तीनदा."

"मंग तिसऱ्यांदा दाबायला जीव न्हाय ऱ्हायला लेकरात."

बर्फाखाली माणूस काही वेळ तग धरतो, हे मला ट्रेनिंगमध्ये शिकवलेलं होतं. तरी ही शंका मी जवळ फिरकू दिली नव्हती. मावशींना कुणी काही शिकवलं नव्हतं.

"चुकलो, मावशी."

एवढ्यात शेजारच्या बायका आल्या. एकीने पुन्हा तेच विचारलं, "काय कळलं का गं? आला व्हता का?"

मावशींनी पदर सारखा केला. "व्हय. निरोप धाडला व्हता त्यानं. ह्यांच्याजवळ धाडला."

एक म्हातारी वाकून माझ्या पाया पडली. मी पाय मागे घेऊ शकलो नाही.

नाईक बालाजी सव्वीस वर्षांचा होता. तो निरोप घेऊन गेला, असं तेरमध्ये आजही सांगतात. मी कधी नाही म्हटलेलं नाही. मावशींनी मात्र ते पुन्हा कधी उच्चारलं नाही.