ट्रॅक्टरखालचा लाल ठोकळा

माझ्या नवऱ्याला पैज लावायची भारी खोड, आणि हरल्यावर फाटे फोडायची त्याहून भारी. मागच्या दिवाळीत दिंद्रुडच्या बाजारातून लेकीला प्लास्टिकच्या ठोकळ्यांची पिशवी आणली, तेव्हाही तसंच झालं.

"एवढूसा ठोकळा, पाय पडला तर भुगा व्हईल," हे म्हणाले.

"न्हाई व्हणार!" म्हणत लेकीनं एक लाल ठोकळा दारात मांडला. हे एक टाच त्याच्यावर टेकवून उभे राहिले. ठोकळ्याला काही झालं नाही, कळ ह्यांनाच आली. मग खांद्यावर सोयाबीनचं पोतं घेऊन उभे राहिले आणि पोत्यासकट आडवे झाले. आम्ही मायलेकी हसून हसून खालीच बसलो.

"आता ट्रॅक्टरच घालतो ह्याच्यावर!"

"आन् टिकला तर?"

"टिकला तर ट्रॅक्टर तुझ्या हातात देतो, जा!"

मला तर आनंदाच्या उकळ्याच फुटल्या. लग्न झाल्यापासून मी ट्रॅक्टर शिकवा म्हणतेय आणि हे "बघू की" म्हणतायत. मी लगेच सासऱ्यांना पंच नेमलं.

ह्यांनी रागाच्या भरात ठोकळा ठेवला कुठं, तर घरामागच्या नांगरलेल्या काळ्या रानात! मागचं चाक वरून गेलं आणि ठोकळा गायब. चौघंही गुडघ्यांवर बसून ढेकळं उकरू लागलो. वीतभर खालून लेकीनं तो काढला आणि माझ्या पदराला पुसला. साधा चरासुद्धा नव्हता. मी टाळ्या पिटत नाचलेच.

"नाचतीस कावून? वजन मातीनं पेललं, ठोकळ्यानं न्हाई," हे म्हणाले.

"ते बी खरंच हाय," सासरे पुटपुटले.

पंचच फितूर! माझा पारा चढला. "मग दारातल्या सिमेंटच्या कोब्यावर ठेवा. पण चालवणार मी. तुमी खाली बाजूला बसून ठोकळा बघा. डोळ्यानं बघितल्याबिगर तुमी मानायचे न्हाई."

"चल, बस! व्हऊन जाऊ दे!"

ह्यांनी ट्रॅक्टर दारात आणला आणि चालूच ठेवून खाली उडी मारली. ते ठोकळा मांडून बाजूला होईपर्यंत मी वर. गिअर कसा टाकायचा, क्लच कसा सोडायचा ते इतकी वर्षं बघून पाठ झालं होतं. ट्रॅक्टरनं एक उसळी घेतली, पुढं सरकला, आणि मागून 'फट्' असा आवाज आला.

"फुटला! हरलीस! उतर खाली!"

हरले, कबूल. पण ट्रॅक्टर तोवर कोबा उतरून रानाच्या वाटेला लागला होता, आणि थांबवायचा कसा हे मी कधी नीट बघितलंच नव्हतं. मी स्टेअरिंग घट्ट धरून मोठमोठ्यानं हसत होते. हे बाजूनं धापा टाकत पळत होते आणि ओरडत होते, "डाव्या पायानं क्लच दाब! उजव्यानं ब्रेक! अगं, हळू! आता समोर बघ, माझ्याकडं न्हाई!"

एवढ्या वर्षांनी हे मला ट्रॅक्टर शिकवत होते.