एकटीने चालवलेली हिरवी

गॅरेजात सगळे तिला मिस्त्रीणबाई म्हणायचे. लग्न होऊन आली तेव्हा तिला पाना कसा धरतात हेही ठाऊक नव्हतं. नवरा शाळेत गणित शिकवायचा. त्याला ग्रीसच्या नुसत्या वासाने मळमळायचं. म्हणून सासऱ्यांनी सुनेला हाताशी घेतलं, आणि सव्वीस वर्षांत ती त्यांच्यापेक्षा सरस निघाली. हे ते चारचौघांत कबूल करत, तिच्या तोंडावर कधीच नाही.

गॅरेजच्या मागच्या कोपऱ्यात ताडपत्रीखाली सासऱ्यांची जुनी स्पोर्ट्स कार असायची. गडद हिरवी, दोनच सीटा, छत कापडाचं. तरुणपणी कुणाच्या तरी परसात गंजत पडलेली त्यांनी उचलून आणली आणि सहा वर्षं खपून रस्त्यावर काढली. सुनेची रोजची गाडी लहानशी, पांढरी, पैशाला पासरी दिसणारी. सासरे तिला डबा म्हणत.

"डबा कुणीही चालवतं," ते म्हणायचे. "हिला चालवायला यावं लागतं."

ते खरंच होतं. हिरवीचा गिअर उतरवताना क्लच दोनदा दाबावा लागे आणि वळण दिसायच्या आधीच ब्रेकचा विचार करावा लागे.

ऐंशीव्या वर्षी सासऱ्यांची नजर अधू झाली आणि चालवणं सुटलं. एका सकाळी ते म्हणाले, "ताईकडे जाऊन येऊ. हिरवीतून." त्यांची थोरली बहीण डोंगरापलीकडे राहायची.

"बाबा, चढ मोठा आहे. डब्यातून जाऊ या."

"मी काय भाजी आणायला निघालोय?"

तिने हिरवी काढली.

अर्ध्या चढावर पाण्याचा पाइप फुटला. वाफेचा लोट उठला. तिने गाडी कडेला घेतली, नवऱ्याला फोन करून गॅरेजातला जादा पाइप आणायला सांगितलं. ऊन तापत होतं, म्हणून सासऱ्यांना झाडाखाली न्यायचं ठरलं. पण त्या खोल सीटमधून त्यांना उठताच येईना. शेवटी तिने काखेत हात घालून त्यांना उचललं. ते इतके हलके झाले असतील असं तिला वाटलं नव्हतं. तिने त्यांना झाडाच्या बुंध्याशी टेकवून बसवलं.

तासाभराने नवरा डबा घेऊन आला. सासरे मुकाट्याने त्यात बसले, बापलेक पुढे गेले. ती पाइप बदलून, पाणी भरून मागून पोचली.

"रस्ताभर झोपले होते," नवरा हळूच म्हणाला.

परत निघताना सासरे स्वतःच डब्यापाशी जाऊन उभे राहिले. "यात गुडघे दुमडावे लागत नाहीत," ते बहिणीला म्हणाले. मग सुनेकडे वळले. "हिरवी तू आण. एकटी."

"तुम्हाला सोडून?"

"मी शेजारी असलो की तू तिला म्हाताऱ्यासारखी चालवतेस."

डबा दिसेनासा होईपर्यंत ती थांबली. मग छत मागे टाकून निघाली. उतारावर इंजिनाचा आवाज पाठीच्या कण्यातून वर येत होता, रस्त्याची खडी न् खडी हाताला कळत होती. सव्वीस वर्षं तिने ही गाडी दुरुस्त केली होती, सांभाळून बाहेर काढली होती. सपाटीवर आल्यावर तिने पाय पूर्ण खाली दाबला आणि एकटीच मोठ्याने हसत सुटली.

फाट्याच्या पुढे तिने डब्याला मागे टाकलं. घरी पोचून तोंड धुऊन होईतो ते दोघं आले.

"किती पळवलीस?" सासऱ्यांनी विचारलं.

"ते नाही सांगणार."

"नको सांगूस," ते म्हणाले, आणि त्यांनी मुलाला चहा टाकायला सांगितलं.