शुद्धीवर येताना

"तुह्या घरासमोर कोन्तं झाड आहे?"

ऑपरेशनच्या टेबलावर आडव्या झालेल्या प्रत्येक पेशंटला मामा हे विचारायचे. मी भुलीचं इंजेक्शन घेऊन उभी, सर्जन हात धुऊन तयार आणि मामा पेशंटच्या कानाशी वाकलेले. मोह, चिंच, चारोळी, जे काय असेल ते ऐकून घेतल्याशिवाय बाजूला व्हायचे नाहीत.

असा एखादा माणूस तुम्हीही पाहिला असेल. दवाखान्याच्या पाटीवर त्याचं नाव नसतं, पण अडलं की सगळे त्यालाच हाक मारतात. गडचिरोलीतल्या त्या तालुक्याच्या दवाखान्यात मामा ऑपरेशन थिएटरचे अटेंडंट होते, कंत्राटी. मी नवी भूलतज्ज्ञ, सरकारी सेवेचा बॉण्ड पुरा करायला आलेली.

लहान ऑपरेशनांना आम्ही केटामाइन हे भुलीचं औषध वापरायचो. दुखणं कळत नाही, श्वास बहुधा चालू राहतो. पण त्यातून जाग येताना माणसाला चित्रविचित्र भास होतात, काही जण घाबरून ओरडतात. खोली शांत ठेवा, असं पुस्तकात लिहिलं होतं. मामांनी पुस्तक वाचलं नव्हतं. ते स्टुलावर बसून पेशंटचा हात धरायचे आणि हळू आवाजात, मराठीत नाहीतर गोंडीत, बोलत राहायचे. त्या झाडाबद्दल, त्याच्या सावलीतल्या कोंबड्यांबद्दल. पेशंट डोळे उघडायचा तो निवांत.

"झालं का मामा तुमचं कीर्तन?" मी चिडवायची.

"तुमची दवाई झोपवते मॅडम. उठवाले तं कोणी पाह्यजे ना!"

एकदा मोहफुलं वेचायला गेलेल्या माणसावर अस्वलानं हल्ला केला. खांदा फाटला होता. चंद्रपूरहून आलेल्या सर्जननी जखम साफ करून टाके घातले आणि आम्ही पेशंटला ट्रॉलीवरून बाजूच्या खोलीत आणलं. सर्जन मोठे होते. त्यांच्यासमोर मला तत्पर दिसायचं होतं.

"मामा, सरांसाठी चहा घेऊन या."

"हा उठून राह्यला मॅडम. दहा मिनिटं थांबतो."

"मी आहे ना इथे. जा तुम्ही."

मामा गेले. मग सरांनी बाहेरून काही विचारलं, म्हणून मीही गेले. दोनच मिनिटं. किंकाळी ऐकून धावत आले, तर तो माणूस फरशीवर पडलेला. त्याला अस्वल पुन्हा दिसलं होतं. ट्रॉलीचा कठडा मी वर केला नव्हता. टाके उसवले, मनगट मोडलं. दारात मामा किटली घेऊन उभे होते.

चौकशीच्या कागदावर मी लिहिलं, 'घटनेच्या वेळी अटेंडंट जागेवर नव्हता.' यातला एकही शब्द खोटा नव्हता. त्यांना कोणी पाठवलं, ते मात्र मी लिहिलं नाही. मामांनीही कोणाला सांगितलं नाही. त्यांचं कंत्राट पुढे वाढवलं नाही. नोकरी गेल्यावरही, त्या माणसाचं प्लास्टर निघेपर्यंत, ते त्याला भेटायला वॉर्डात यायचे. ते दिसले की मी दुसऱ्या दारानं जायची.

आता मी मेडिकलच्या विद्यार्थ्यांना शिकवते. केटामाइनचा डोस सांगते आणि सांगते, "जाग येताना जवळ माणूस हवा." मुलं लिहून घेतात. हे कोणाकडून शिकलात, असं एका मुलीनं विचारलं. "अनुभवातून," मी म्हणाले, आणि माझीच मला लाज वाटली. त्याच रविवारी मी सिंदेवाहीजवळच्या त्यांच्या गावी गेले.

"ह्या आपल्या दवाखान्याच्या मॅडम. लय हुशार," मामांनी घरच्यांना सांगितलं. गुडघे दुखायला लागले म्हणून यांनी नोकरी सोडली, असं त्यांची बायको म्हणाली. मी मान हलवली.

मामा मला बसथांब्यापर्यंत सोडायला आले. बस लांबून येताना दिसली, तेव्हा कुठे माझं तोंड उघडलं.

"मामा, मी अर्धंच लिहिलं होतं."

"मालूम आहे. चौकशीवाल्या साहेबानं मले वाचून दाखवलं होतं."

"मग तुम्ही का बोलला नाहीत?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. "वाट पाहून राह्यलो होतो मॅडम. तुम्हीच बोलसान म्हणून."

बस थांबली. मी चढले, खिडकीशी बसले. बस हलली तेव्हा हात वर केला. मामा केव्हाच वळले होते. धानाच्या बांधावरून, पाय जपून टाकत, घराकडे चालले होते.